देल्फिनचा कॅडेट

देल्फिनने आयुष्यातली बावीस वर्षं दुसऱ्यांचे हुकूम परत म्हणण्यात घालवली होती. मालवाहू जहाजावर सुकाणू त्याच्या हातात असे. अधिकारी म्हणायचा, "उजवीकडे दहा." देल्फिनने म्हणायचं, "उजवीकडे दहा, सर," आणि मगच चाक फिरवायचं. ज्याने हुकूम परत म्हटला नाही त्याने तो ऐकलाच नाही, असं समुद्रावर धरून चालतात. त्याच्या गावी, ओतोन बेटाच्या किनाऱ्यावर, घरटी एक खलाशी, त्यामुळे ही सवय तिथल्या घराघरांत शिरलेली. बायको म्हणाली "मीठ आण," की नवरा "मीठ आणतो" असं म्हणूनच चपला घालणार, आणि पुष्कळदा तरीही साखर घेऊन येणार.

सहा वर्षांपूर्वी एका परक्या बंदरात, जहाजाच्या पोटात उतरताना शिडीवरून त्याचा पाय निसटला आणि मान मोडली. जीव वाचला. खांदे हलत, उजवं कोपर थोडंफार वाकत असे, आणि त्याखाली सगळा शुकशुकाट. त्याची बायको आर्सेली तेव्हा गावच्या शाळेत तिसरीला शिकवत होती. तिने शाळा सोडली, घर धरलं, आणि पुन्हा कधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर देल्फिनला बरं वाटलं असतं. न बोलता केलेल्या उपकाराचं ओझं कुठे उतरवून ठेवायचं, हे कुणालाच कळत नाही.

दोघांचा संसार भुवयांवर चालायचा. तिकडे होकार द्यायला तोंड उघडावं लागत नाही, भुवया जराशा उचलल्या की झालं. वस्तू दाखवायला बोटही लागत नाही, ओठांचा चंबू त्या दिशेला केला की पुरे. सगळं गावच असं बोलतं, त्यामुळे देल्फिनचं मानेखालचं शरीर गेलं तरी बोलण्यातलं फारसं काही गेलं नव्हतं. तो खुर्चीतून खिडकीकडे ओठ काढायचा, आर्सेली खिडकी उघडायची. ती कॉफीचा पेला उचलून बघायची, तो भुवया उचलायचा, पेला त्याच्या तोंडाशी यायचा. ती बाजारात गेली की शेजारची पुरिंग दुकान बंद करून त्याच्यापाशी येऊन बसायची. सहा वर्षांत घरात तो एकटा असा एक तासही राहिला नव्हता.

मग नाताळात त्यांची मुलगी जोवेलिन आयर्लंडहून आली. ती तिथे नर्स आहे. तिने बॅगेतून अर्ध्या नारळाएवढा एक गोल डबा काढला, आणि दोन दिवस शिडीवर चढून दिवे, पंखा, टीव्ही, फोन, दाराची कडी असं सगळं त्या डब्याला जोडत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पापा, आता त्याला काहीतरी सांगा."

देल्फिनला अशा गोष्टींचा उत्साह नव्हता. मनात म्हणाला, नवी नवलाई, सुट्टी संपली की कपाटात जाईल. तरी पोरीचं मन राखायला म्हणाला, "पंखा लाव."

"ठीक आहे, पंखा लावते आहे," डबा म्हणाला, आणि पंखा फिरायला लागला.

देल्फिनचे डोळे भरून आले, आणि आर्सेली धावत आली.

"काय झालं? दुखतंय का कुठे?"

"त्याने हुकूम परत म्हटला," देल्फिन म्हणाला. "ऐकलंस का तू? परत म्हटला आणि मगच लावला. लांगा, हा खलाशी आहे!" लाडात आला की तो तिला लांगा म्हणायचा.

त्या दिवसापासून डब्याचं नाव कॅडेट पडलं. आवाज बाईचा, पदवी जहाजावरच्या शिकाऊ कॅडेटची. कंपनीने ठेवलेलं नाजूक नाव घेतल्याशिवाय तो कान टवकारत नसे, तेवढंच एक देल्फिनला खटकायचं, पण हुशार माणसाचं एखादं खूळ चालवून घ्यावं लागतं.

तुम्हीआम्ही उठून बटण दाबतो, म्हणून आपल्याला यात काय मोठं असं वाटेल. पण माणसाकडे मागायचं म्हणजे आधी त्याचा चेहरा वाचावा लागतो. ती आत्ताच बसली आहे का? तिची पाठ दुखते आहे का? मागच्या वेळी उठताना तिने सुस्कारा टाकला होता तो माझ्यामुळे का? सहा वर्षं देल्फिनने अशा किती मागण्या गिळल्या, त्याची मोजदाद नाही. कॅडेटला चेहराच नव्हता. पहिल्या दुपारी देल्फिनने केवळ चैन म्हणून चौदा वेळा पंखा कमीजास्त केला.

"यंत्र आहे म्हणून बरं," आर्सेली स्वयंपाकघरातून म्हणाली. "माणूस असता तर एव्हाना राजीनामा देऊन मोकळा झाला असता."

"तू दिला नाहीस तो?"

"माझा राजीनामा घेणार कोण? साहेब तर खुर्चीतून उठत नाही."

कॅडेट दर अर्ध्या तासाला आठवण करून द्यायचा, की अंगाचा भार दुसऱ्या बाजूला घ्या. मग देल्फिन खांद्याच्या जोरावर आधी डावीकडे कलायचा, मग उजवीकडे. एका जागी बसून कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून हे करावंच लागतं. आधी हे काम आर्सेलीचं होतं, आणि ती झोपेतही घड्याळाकडे कान लावून असायची. आता ती मालिकेचा एक अख्खा भाग सलग बघू शकली, आणि संपल्यावर म्हणाली की आपल्याला ही मालिका मुळीच आवडत नाही, हे आजच कळलं.

पण कॅडेटचा खरा पराक्रम मार्चमधला, आर्सेलीच्या वाढदिवसाचा. देल्फिनने स्वतः बेकरीला फोन लावला, जांभळ्या कोनफळाचा केक सांगितला, पोरगा आला तेव्हा दार स्वतः उघडलं आणि केक टेबलावर ठेवून घेतला. आर्सेली मागे कपडे वाळत घालत होती. आत आली तर केक, त्यावर तिचं नाव. ज्याला घोटभर पाण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो, त्याला त्या दुसऱ्यापासून लपवून काही करताच येत नाही. आनंदाची गोष्टही नाही. सहा वर्षांत देल्फिनने बायकोपासून लपवलेली ही पहिली गोष्ट. दोघं केकपुढे बसून लहान मुलांसारखी रडली, आणि मग पुरिंग आली म्हणून घाईघाईने डोळे पुसून केक कापला.

जून जवळ आला तशी शाळेच्या मुख्याध्यापिकेची चिठ्ठी आली. तिसरीच्या बाई निवृत्त झाल्या होत्या. आर्सेलीला यायचं असेल तर जागा तिची, फक्त शुक्रवारपर्यंत कळवावं. आर्सेलीने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि मिठाच्या बरणीखाली ठेवून दिली.

"हो कळव," देल्फिन म्हणाला.

"भात करपतोय."

"आर्सेली."

"काय आर्सेली? सात ते चार तू एकटा? तुझा कॅडेट तुला पाणी पाजणार आहे का? नाकावर डास बसला तर मारणार आहे का?"

"पाण्याला नळी आहे. डासाचं रक्त पिऊन झालं की तो आपणहून जातो. दुपारी पुरिंग जेवण भरवायला तयार आहे, मी विचारलंय."

"म्हणजे माझ्या मागे सगळं ठरलंय!"

"हो, ठरलंय. मला बायको हवी आहे, लांगा. नर्स आपल्याकडे एक आहे, ती आयर्लंडला असते."

आर्सेली हसली नाही. तिला हवं होतं ते, आणि तिला हवं आहे हे त्याला कळलं होतं, म्हणूनच ती चिडली होती. शेवटी दोघांत तह झाला. शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात सगळा गाव झाडू आणि रंगाचे डबे घेऊन वर्ग साफ करायला जातो. मंगळवार, बुधवार, गुरुवार अशा तीन सकाळी आर्सेलीने त्या कामाला जायचं, सात ते बारा, आणि देल्फिनने एकट्याने राहायचं.

"आणि काही झालं तर?" तिने विचारलं.

"काही झालं तर नोकरीचं नाव काढू नकोस. मीही पुन्हा विषय काढणार नाही."

"शब्द?"

देल्फिनने भुवया उचलल्या.

पहिला दिवस बिनघोर गेला. आर्सेली गेली, आणि घर इतकं शांत झालं की देल्फिनला फ्रिजचा आवाज नव्याने ऐकू आला. त्याने कॅडेटकडून जुनी गाणी लावून घेतली, सेबूच्या एका जुन्या सोबत्याला फोन करून तासभर जहाजावरच्या आचाऱ्याची निंदा केली, आणि मग काहीही न करता बसून राहिला. कुणी बघत नसताना कंटाळण्यातही किती सुख आहे! दुसऱ्या दिवशी गॅसवाला आला, त्याला दार उघडून दिलं, सिलिंडर कुठे ठेवायचा ते ओठांनी दाखवलं. बारा वाजता आर्सेली आली तेव्हा तो शीळ घालत होता. तिने त्याला वरपासून खालपर्यंत तपासलं, अगदी पायाची बोटंसुद्धा, आणि काही सापडलं नाही म्हणून थोडी नाराजच झाली.

गुरुवारी दहाच्या सुमारास देल्फिनचं डोकं दुखायला लागलं.

साधं दुखणं नव्हतं ते. कानशिलांत घण बसत होते, चेहऱ्याला घाम फुटला होता, नाक चोंदलं होतं. हे काय आहे ते त्याला पक्कं माहीत होतं. खाली कुठेतरी शरीराला त्रास होत होता. तो त्याला जाणवत नव्हता, म्हणून शरीर वरच्या मजल्यावर येऊन दार बडवत होतं. बहुधा लघवीची नळी दुमडली असणार. कुणीतरी ती मोकळी केली की पाच-दहा मिनिटांत सगळं उतरतं. नाही केली तर रक्तदाब चढत जातो, आणि मग मेंदूत काहीही होऊ शकतं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

त्याने कॅडेटला नावाने हाक मारली. "पुरिंगला फोन लाव."

"पुरिंगचे दोन क्रमांक आहेत, दुकानाचा आणि मोबाइल. दुकानाचा लावू?"

देल्फिनने भुवया उचलल्या.

आणि वाट बघत राहिला. डब्यावरचा दिवा थोडा वेळ गोल फिरला आणि विझला. देल्फिनला वाटलं, लाइन गेली. त्याने पुन्हा हाक मारली, पुन्हा सांगितलं, डब्याने पुन्हा इमानाने विचारलं, "दुकानाचा लावू?" आणि देल्फिनने पुन्हा, या वेळी जरा जोरातच, भुवया उचलल्या.

दिवा पुन्हा विझला.

"अरे गाढवा, हो म्हटलं ना!" तो ओरडला, आणि ओरडता ओरडताच त्याच्या ध्यानात आलं की आपण काहीच म्हटलेलं नाही. पन्नास वर्षांची सवय. मरायला टेकलेला खरा ओतोनकर भुवया उचलूनच पाद्र्याला पापं कबूल करील. डोकं फुटायला आलं होतं तरी त्याला हसू फुटलं, आणि हसल्यावर घण आणखी जोरात बसायला लागले. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्याने डोळे मिटले, जहाजाच्या सुकाणूपाशी उभा आहे असं मनाशी धरलं, कॅडेटला पुन्हा नावाने हाक मारली, आणि प्रत्येक शब्द वेगळा करून हुकूम दिला.

"पुरिंगच्या दुकानाला फोन लाव."

"दुकानाचा लावू?"

"हो."

"पुरिंगच्या दुकानाला फोन लावते आहे."

इतकं गोड वाक्य त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. घंटा वाजली, फोन उचलला गेला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मनांग म्हणून हाक मारत तो म्हणाला, "मनांग, नळी. लवकर या." पलीकडून पुरिंगने फक्त "आले" म्हटलं. त्याने कडी उघडायला सांगितली. कॅडेट म्हणाला, दार उघडते आहे, आणि दार उघडलं.

पुरिंग हातात पळी घेऊनच धावत आली. आर्सेलीने भिंतीवर कागद चिकटवून ठेवला होता: आधी नळी बघा, मग पट्टे सैल करा, मग बाकीचं. तो तिने मोठ्याने वाचला, गुडघ्यांवर बसली, आणि मांडीखाली चिमटलेली नळी सोडवली. पिशवीत धार पडल्याचा आवाज आला. पट्टे सैल केले, त्याचा घाम पुसला आणि तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली.

"नोनोय, पोरा," ती म्हणाली, "मेलास ना, तर मी तुला मारणार आहे." तिथली इलोंगो भाषा बोलणाऱ्या माणसाचा राग असाच असतो, ऐकणाऱ्याला वाटावं अंगाईच चालली आहे.

हळूहळू घण थांबले. देल्फिनला गरगरल्यासारखं होत होतं, पण डोकं जागेवर होतं. पुरिंगने बाटलीची नळी त्याच्या तोंडाला लावली.

"मनांग," पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "आर्सेलीला सांगू नका."

पुरिंगने चमत्कारिक चेहरा केला. "मी कशाला सांगते बाबा," म्हणाली, आणि पळी उचलून लगबगीने निघून गेली. दोन वेळा मागे वळून बघितलं तिने.

बारा वाजेपर्यंतचा वेळ देल्फिनला फार जड गेला. उद्या शुक्रवार. एक शब्द बोललो नाही तर आर्सेली शाळेत जाईल, तिच्या तिसरीच्या वर्गात उभी राहील, संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी येईल. बोललो तर मिठाच्या बरणीखालची चिठ्ठी तिथेच पिवळी पडेल. आणि खोटंही कुठे बोलायचं होतं, फक्त गप्प बसायचं होतं. तिच्यासाठीच तर. पण ती उद्यापासून रोज त्याला एकटं टाकून जाणार ती त्याच्या शब्दावर. पहिल्याच दिवशी तो शब्द आतून किडका निघाला, तर ती कशाच्या भरवशावर जाणार? त्याने मनाशी शंभर वेळा ठरवलं आणि शंभर वेळा मोडलं.

आर्सेली बाराला पाच कमी असताना आली. पर्स खुंटीला अडकवली, त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"कसं गेलं?"

देल्फिनने एक श्वास घेतला. "नळी अडकली. दहा वाजता. डोकं फुटायची वेळ आली होती. पुरिंग येऊन सोडवून गेली." आणि मग, ती काही बोलण्याआधीच, "दिलेला शब्द माझ्या लक्षात आहे."

"मला माहीत आहे," आर्सेली म्हणाली.

"सांगितलं का पुरिंगने! तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"तिने नाही सांगितलं. मी तिथेच होते."

"कुठे?"

"तिच्या दुकानात. मागे, तांदळाच्या पोत्यांवर." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "मंगळवारी जीपनीच्या थांब्यापर्यंत गेले. जीपनी आली, पाय उचलेना. तिसरी जीपनी गेल्यावर मागच्या गल्लीने पुरिंगकडे गेले. काल तेच. आज तेच. शाळेत मी एक दिवसही गेले नाही, देल्फिन."

देल्फिनला राग आला. तीन दिवस आपण मोठे एकट्याने राहिलो म्हणून शीळ घालत होतो, आणि ही चार घरं पलीकडे पोत्यावर बसून पहारा देत होती! तो बोलणार होता, पण आर्सेलीने दोन्ही हात त्याच्यासमोर उघडे धरले. दोन्ही तळव्यांवर आडवे लाल वळ उठले होते.

"फोन वाजला तेव्हा मी पुरिंगच्या शेजारीच होते," ती म्हणाली. "तिने फोनचा स्पीकर लावला. तुझा आवाज ऐकला. मी उठले, दारापर्यंत आले. आणि मग तिला म्हटलं, मनांग, तुम्ही जा."

"तू का नाही आलीस?"

"मी आले असते तर पुन्हा कधीच घरातून बाहेर पडले नसते," ती म्हणाली. "मी दुकानाच्या गजांना धरून उभी राहिले. पुरिंग परत येईपर्यंत अकरा मिनिटं. वाटलं, सोडले तर धावत येईन. प्रत्येक मिनिटाला मनात तुला मरू दिलं मी. आणि पुरिंग आली, म्हणाली, शिव्या खाण्याइतका ठणठणीत आहे तो."

देल्फिन त्या वळांकडे बघत राहिला. तीन दिवस परीक्षा आपली चालली आहे असं तो समजत होता. पेपर दोघांनाही होता, आणि तिचा जास्त अवघड होता. राग कुठल्या कुठे गेला. त्याला तिचे हात धरायचे होते, ते जमणार नव्हतं, म्हणून तो खांद्याच्या जोरावर जेवढं पुढे वाकता येईल तेवढं वाकला. आर्सेलीने आपलं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवलं आणि पोटभर रडून घेतलं.

"तूही निभावलंस, मीही निभावलं," नाक पुसत ती म्हणाली. "आता काय करायचं?"

"ते तू सांग. माझा शब्द तुझ्याकडे गहाण आहे."

"तो तुला परत," आर्सेली म्हणाली, आणि उठून मिठाच्या बरणीखालची चिठ्ठी काढली.

"कॅडेटला सांग, तो फोन लावेल."

"नको. हा मी माझ्या हाताने लावणार."

मुख्याध्यापिकेशी ती मिनिटभरच बोलली. मग माशाचा आंबट रस्सा आणि भात कालवून देल्फिनला भरवला, नळी तपासली, त्याच्या खांद्यावरून हात फिरवला आणि पर्स घेतली. वर्ग रंगवायचं काम चारपर्यंत चालतं, म्हणाली. देल्फिनने काही विचारलं नाही. दार लागलं.

पाऊण तासाने फोन वाजला. कॅडेटने विचारलं, आर्सेलीचा फोन आहे, घेऊ? देल्फिन म्हणाला, घे. खोली एकदम माणसांच्या गलक्याने भरून गेली. बाकं ओढल्याचे, हातोड्यांचे, कुणीतरी कुणाला तरी शिडी धरायला सांगत असल्याचे आवाज.

"पोहोचले," आर्सेली ओरडून म्हणाली. "हे लोक भिंत हिरवी रंगवतायत! तिसरीच्या वर्गाला कुणी हिरवा देतं का? सगळी पोरं झोपतील. मी पिवळा मागवलाय. बरं, ठेवते, माझे हात रंगलेत."

फोन बंद झाला. देल्फिन शीळ घालायला लागला. पाणी प्यायलास का, डोकं कसं आहे, नळी ठीक आहे ना, यातलं काही म्हणजे काही तिने विचारलं नव्हतं.